दुकान उघडायच्या आधीचा घास

आमच्या ह्यांच्या स्वप्नात शेळी आली ती भरदुपारी. दुकान धुऊन झालं होतं, शटर अर्धं ओढलेलं होतं आणि हे मागच्या गार खोलीत बाकावर आडवे झाले होते. शेळी आत आली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जेवलात का?" बस्स, एवढंच. रडली नाही की शाप दिला नाही. शेजारीण विचारते तसं विचारलं आणि उत्तराची वाट बघत बसून राहिली.

हे उठून मला सांगायला लागले तेव्हा मी हसले. "मग म्हणायचं ना, जेवलो, तुम्हीही बसा."

ह्यांना हसू आलं नाही. "काय म्हणणार? ताटात तिच्यातलंच कुणीतरी होतं."

मी खाटकाची लेक, खाटकाची सून आणि खाटकाची बायको. मला मटण मनापासून आवडतं आणि त्यात लाजायचं काय ते मला कळत नाही. चार दिवस स्वप्न डोक्यात राहील आणि जाईल, असं मी धरून चालले होते.

पण आमच्या दुकानाचा एक नियम आहे, सासऱ्यांनी घालून दिलेला. सकाळी पहिला काप निघाला की मी काउंटरच्या कडेच्या छोट्या शेगडीवर मीठ-मिरी लावून तो परतायचा आणि ह्यांनी गिऱ्हाइकांसमोर खायचा. मगच तराजूला हात लावायचा. "जे आपल्या घशाखाली उतरत नाही, ते दुसऱ्याच्या पिशवीत टाकायचं नाही," असं सासरे म्हणायचे. बाकीची दुकानं पाट्या लावतात, आम्ही घास खातो.

स्वप्नानंतर तो घास काही उतरेना. हे चावत राहायचे, मग सुरा आणायचं निमित्त करून मागे जायचे आणि रिकाम्या तोंडानं परत यायचे. माझ्या ते लक्षात आलं, तरी मी गप्प बसले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा त्या गप्प बसण्याची किंमत कळावी. शेवटी एके सकाळी मीच म्हटलं, "द्या इकडे, आज मी खाते."

रांगेत शाळेच्या हेडबाई पुढे होत्या. जुन्या गिऱ्हाईक, नजर तेज. "उस्तादांना आज भूक नाही वाटतं?" त्यांनी सहज विचारलं.

हे कानापर्यंत लाल झाले. सुरा कापायच्या ओंडक्यावर ठेवला, हात पुसले, सगळ्यांची माफी मागितली आणि शटर खाली ओढलं. ते खालीच राहिलं.

त्या दिवसांत धुकंही फार पडायचं. समोरचा शिंपी हातभर अंतरावरून बोलल्यासारखा वाटायचा, पण दिसायचा नाही. दुकानात रिकामे आकडे टांगलेले, फरशी कोरडी, आणि झडपेतून येणारा पांढुरका उजेड ओंडक्यावर सांडलेला. हे तिथेच बसून असायचे. कापायला काही नव्हतं, तरी सुऱ्यांना धार लावायचे. मी चहा घेऊन गेले की वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत आणि कुणीतरी आपल्याला हाक मारेल.

"मला दुसरं काही येत नाही गं," एकदा ते म्हणाले. "आणि हे आता जमत नाही." जेवणही जेमतेम चालायचं. भाकरीचा तुकडा मोडायचे आणि तसाच ठेवायचे.

तेव्हा मी लेकीला फोन केला. आमची लेक एका कारखान्यात काम करते. तिथे शेळीच्या अंगातल्या चिमूटभर पेशी घेऊन स्टीलच्या टाक्यांत मांस वाढवतात. नोकरी लागली तेव्हा हे चार लोकांत म्हणाले होते, "आमच्या पोरीनं मटणाचं झाड लावलंय." लोक हसले, पोर दुखावली. तेव्हापासून घरात तिच्या कामाचा विषय निघत नसे.

"तुमच्याकडचं थोडं घेऊन ये," मी म्हटलं.

"आई, बाबा हसतील."

"हसू देत. तेवढं झालं तरी पुष्कळ आहे."

सकाळी ती डबा घेऊन आली. ओंडक्यावर तिनं एक गुलाबी गोळा ठेवला. मांडीच्या जाड भागाएवढा. वर पापुद्रा नाही, कडेला चरबी नाही, वासही बेताचाच. स्थळ बघायला आल्यासारखं ह्यांनी त्याच्याकडे वरून बघितलं, बाजूनं बघितलं. बोटानं दाबलं. मग सुरा उचलला.

तो हात मी जन्मभर बघत आले आहे. सरसर जातो, हाडाशी थबकतो, कलतो, वळसा घेतो. आजही गेला. मध्यावर थबकला, कलला, वळसा घेऊन पलीकडून बाहेर आला. काप एकेक करून पडत गेले आणि मधोमध उरलं ते दोन्ही टोकांना जाड, मध्ये बारीक. मांसाचंच हाड! ह्यांनी ते नेहमीसारखं उचललं आणि हाडांच्या परातीत टाकलं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "ह्यात हाड नव्हतंच."

हे परातीकडे बघत राहिले. मग हसायला लागले, आणि हसता हसता डोळे भरून आले. "हाताला कुठं माहितीये ते?"

मी शेगडी पेटवली. ह्यांनी शटर वर ढकललं तसं धुकं पायाशी आत आलं. शटरचा आवाज गल्लीत पोचला असणार, कारण काप परतून होईपर्यंत चार माणसं दारात उभी होती, हेडबाई पिशवी घेऊन पुढे. लेकीनं त्यांना हे काय आहे ते सांगितलं. कुणी नाक मुरडलं, पण हललं कुणी नाही.

ह्यांनी तुकडा बोटांत धरला. "ती कुठंय?"

"कोण?" लेकीनं विचारलं.

"जिचं हे आहे ती."

"आमच्या मागच्या कुरणात. तांबडी आहे, एक कान मुडपलेला. महा नाठाळ. परवा माझा बूट चावला."

"म्हणजे जिवंत आहे?"

"जिवंत? अहो, लाथा मारते!"

ह्यांनी तुकडा तोंडात टाकला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. घाटी वर गेली, थांबली, खाली आली. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. भुकेला माणूस खातो तसे ते उभ्या उभ्या खात होते.

"कसं आहे?" हेडबाईंनी विचारलं.

"उतरलं," हे म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. "आता तू खा. आणि खरं सांग, दुकानात उभी आहेस."

मी खाल्लं. दाताला ठीक होतं. पण ती आतली गोडी नव्हती. शेजारी काहीतरी झकास शिजतंय आणि आपल्याकडे नुसता वास येतोय, तसं. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. खोटं बोलले असते तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. पण त्या शेगडीपाशी उभं राहून आमच्या घरात कुणी खोटं बोललेलं नाही.

"मला नाही आवडलं," मी म्हटलं. लेकीचा चेहरा पडला. "पण हे जेवतायत ते मला रोज बघायचंय. जवळ बसून. तेव्हा मलाही ह्यातलंच वाढा."

ह्यांनी तव्यातला सगळ्यात मोठा तुकडा माझ्यापुढे ठेवला. मी तो संपवला.