विहीणबाईंसमोर सुटलेला नांगर

मित्रांनो, मी नांगराचा जुना रहाट आहे. लहान बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला माझी जागा. माझ्या पोटात विजेची मोटर आहे आणि अंगावर दातेरी चाक. त्या दातांत साखळीची कडी न् कडी बसते. एक बटण दाबले की साखळी खाली सुटते, दुसरे दाबले की वर येते. साखळीच्या टोकाला नांगर असतो. तो पाण्याच्या तळात रुतला की बोट जागेवर राहते.

एका छोट्या कारखान्यात माझे सुटे भाग जुळले. माझा पहिला मालक घड्याळजी होता. त्याने मला लेकरासारखे जपले. खाऱ्या पाण्यातून परत आलो की गोड्या पाण्याने अंघोळ, मग कोरड्या फडक्याने अंग पुसणे. "काय गुणाचा आहे हा!" असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि मी फुशारून जाई. पुढे त्याचे गुडघे कुरकुरू लागले आणि त्याने बोट विकली.

नवे मालक निवृत्त बसचालक होते. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. काकू घरी शिवणकाम करीत. उभ्या आयुष्यात काकांनी बसला ओरखडा येऊ दिला नव्हता, त्यामुळे बोट चालवणे म्हणजे त्यांना हातचा मळ वाटे. घड्याळजी नांगर टाकायची रीत सांगू लागला, तेव्हा काका हसून म्हणाले, "अहो, नांगर म्हणजे पाण्यातला हँडब्रेक. त्यात शिकायचं काय?"

त्यांच्या लेकीचे नवे लग्न झाले होते. एके दिवशी काकांनी लेकीसह व्याह्यांना आणि विहीणबाईंना बोटीवर जेवायला बोलावले. खाडीत आणखी चार बोटी उभ्या होत्या. काका मागे सुकाणूपाशी, काकू पुढे माझ्याजवळ. काका ओरडले, "सोड!" मी साखळी सोडली. "बास, पुरे!" काकूंनी बटण सोडले.

मित्रांनो, तेवढी साखळी मुळीच पुरेशी नव्हती. पाणी जितके खोल, त्याच्या निदान पाचपट साखळी सोडावी लागते. बोट हळूहळू मागे घेत ती तळावर पसरू द्यावी लागते, तेव्हा नांगर रुततो. आमचा नांगर नुसता टेकला होता आणि साखळी त्याच्यावर ढिगासारखी पडली होती. शिवाय साखळीत आकडा अडकवून सगळा ताण जाड दोरीने बोटीच्या खुंट्यावर घ्यायचा असतो. मी साखळी उचलणारा हमाल. बोट धरून ठेवणे माझे काम नव्हे.

जेवणे झाली. विहीणबाई मागच्या शिडीवर बसून पाण्यात पाय हलवू लागल्या. तेवढ्यात वारा उठला. काकूंनी किनाऱ्याकडे पाहिले आणि त्या दचकल्या. "अहो, ते झाड मघाशी समोर होतं. आपण सरकतोय!"

मागची बोट जवळ येऊ लागली होती, आणि मधे विहीणबाईंचे पाय! काकांनी इंजिन सुरू केले, पण घाबरून ते बोट पुढे न्यायलाच विसरले. "ओढ! नांगर ओढ!" एवढेच ते ओरडत राहिले. काकूंनी बटण दाबले. भरल्या बोटीचा भार माझ्या एकट्याच्या अंगावर आला. मी कण्हलो, तापलो, जळका वास सुटला आणि मी बंद पडलो.

काकू धावत मागे गेल्या. त्यांनी विहीणबाईंना काखेत धरून वर ओढले. त्या बोटीतल्या माणसांनी मधे रबरी फुगे धरले, म्हणून टक्कर टळली. विहीणबाईंची नडगी मात्र शिडीवर घासून सोलवटली.

आणि काका सगळ्यांसमोर काकूंवर खेकसले, "तुला साधं बटण दाबता येत नाही? लाज आणलीस!"

काकू पदराने विहीणबाईंच्या नडगीचे रक्त टिपत राहिल्या. लेक खाली मान घालून बसली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काकूंना बोल माझ्यामुळे लागले होते आणि मला तोंड नव्हते.

त्यानंतर बोट ताडपत्रीखाली गेली. मला ना पाणी मिळाले ना तेल. दातांवर गंज चढला. मला वाटे, बरेच झाले, ही लाज झाकलेलीच राहू दे.

एका सकाळी काकू एकट्याच आल्या. त्यांनी मला खोलले, मोटरची जळलेली तार बदलली, गंज घासला, वंगण लावले. नांगर टाकण्याची रीत त्या कुठूनतरी नीट शिकून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना ओढूनच आणले.

"कोणत्या तोंडानं जाऊ त्या खाडीत?" काका म्हणाले.

"आज तुम्ही पुढे उभे राहा. सुकाणू मी धरते."

खाडी मोकळी होती. काका माझ्याजवळ उभे राहिले. इंजिन घुमत होते, वारा वाहत होता. काकू मागून काहीतरी सांगत होत्या. काकांनी कानाला हात लावला, मान वळवली, शेवटी वैतागून मागे गेले. "अगं, तुझं एक अक्षर पोचत नाही तिथे!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मलाही त्या दिवशी अर्धंमुर्धंच पोचत होतं."



मग दोघांनी मिळून हाताच्या खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे थांब, तर्जनी खाली म्हणजे सोड. नांगर उचलताना काकू बोट हलकेच पुढे घेत आणि मी फक्त सैल साखळी गोळा करी. मधूनमधून ते मला विसावाही देऊ लागले.

पुढे व्याही आणि विहीणबाई पुन्हा आले. नांगर रुतला, दोरी खुंट्यावर बसली. काका सर्वांसमोर उठले. "विहीणबाई, त्या दिवशी चूक माझी होती. मला माफ करा."

विहीणबाई म्हणाल्या, "माझी नडगी कधीच बरी झाली. माफी तुमच्या बायकोची मागा."

काका काकूंकडे वळले, पण त्यांच्या डोळ्यांत पाहू शकले नाहीत. "मी तुला चारचौघांत बोललो," एवढेच ते म्हणाले. काकूंनी मान हलवली. हसल्या मात्र नाहीत. मलाही त्या दिवशीच्या माझ्या जळक्या वासाची लाज वाटली.

मित्रांनो, यंत्राला धुवा, पुसा, त्याला पेलेल तेवढेच काम सांगा. आम्ही बिघडलो तर दुरुस्त होतो, गंज चढला तर घासता येतो. पण घाबरलेल्या घाईत आपल्या माणसावर फेकलेला शब्द वर ओढून घेता येईल, असा रहाट अजून कोणत्याही कारखान्यात बनलेला नाही.