ड्रेमाचा दाखला
माझी धाकटी बहीण ड्रेमा डॉक्टरकडे निघाली की बघणाऱ्याला वाटावं, बाई लग्नाला निघाली. केस कुरळे करायचे, ओठ रंगवायचे, चर्चचा निळा झगा घालायचा. परक्यापुढे रडगाणं गायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण. केंटकीच्या या डोंगरात सगळ्यांच्याच आयांनी ती दिली, पण ड्रेमाने जरा जास्तच मनावर घेतली.

तिचं हृदय थकलंय. वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात उभा जन्म ओल्या चादरी उपसल्या, आता न्हाणीपर्यंत जायचं तर मध्ये खुर्ची लागते. सरकारी आरोग्य कार्डावर औषधं आणि धान्याच्या कार्डावर किराणा, असं तिचं चाललं होतं. तर नवं फर्मान आलं: महिन्याला ऐंशी तास काम करून दाखवा, नाहीतर काम झेपत नसल्याचा डॉक्टरचा दाखला आणा. मी म्हटलं, हा तर डाव्या हातचा मळ. हिला आंधळाही दाखला देईल.

आंधळ्याने दिलाही असता. पण दवाखान्यात आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंना चांगलं दिसत होतं, आणि त्यांना दिसला तो निळा झगा. सुजलेल्या पायांवर जाड मोजे, त्यावर कोंबून बसवलेले बूट. ते घरी आल्यावर मला कात्रीने कापून काढावे लागले. वर ही माझ्या हातचा सफरचंदाचा मुरंबा भेट घेऊन गेली होती. मी बाहेर बसले, हीच माझी अक्कल.

"काय विचारलं गं त्यांनी?" परतताना मी विचारलं.

"कशा आहात म्हणाल्या. म्हटलं, तक्रार नाही."

"आणि घरातलं काम?"

"होतं म्हटलं. मुरंबा तुम्हीच केलात का म्हणाल्या, तर मी हसले."

"हसलीस? अगं बये, चमचा ढवळताना तुला धाप लागते!"

"मग काय पहिल्याच भेटीत त्या पोरीपुढे पदर पसरू?"

व्हायचं तेच झालं. बाईंनी लिहिलं, हलकं काम जमेल. दोन्ही कार्डं बंद. कचेरीत फोन केला तर पलीकडची म्हणाली, "मॅडम, कागदावर आहे ते आहे. हवं तर पुन्हा तपासून घ्या." त्या पुन्हाची तारीख मिळेपर्यंत पानगळ सुरू झाली. जेवणाचं मी बघत होते, घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी रोज पोचवत होते. औषधाचं विचारलं की ड्रेमा म्हणायची, "आहेत गं भरपूर, तू नको जीव खाऊस." मला बरंच वाटायचं.

दुसऱ्या खेपेला मी तिला ओठ रंगवू दिले नाहीत. त्यावरून गाडीत भांडण. "अशीच जाऊ? भुतासारखी?" "भुतासारखीच जा. भुतांना कामाला लावत नाहीत." ती खिडकीकडे तोंड करून बसली. या वेळी मी तिच्याबरोबर आत गेले.

"मिस ड्रेमा, कशा आहात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छान. तुम्ही कशा आहात?"

माझं डोकंच फिरलं. "छान कसली! खोटं बोलतेय ही. तिला मी आंघोळ घालते. जिना म्हणजे..."

"मिस नोव्हा," बाई मला शांतपणे म्हणाल्या, "त्यांना सांगू द्या."

ड्रेमा नुसती हसली. माझा राग अनावर झाला. "बोल की! लाजेपायी उपाशी मरणारेस का?"

मग ती बोलली. माझ्याकडे न बघता, हात मांडीवर ठेवून. आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं, म्हणून खुर्चीतच झोपते म्हणाली. कधीकधी न्हाणी गाठता येत नाही, मग नोव्हा यायच्या आत कपडे बदलते. गोळ्या संपतील म्हणून अर्ध्या करून घेत होते, मग एक दिवसाआड. मागच्या आठवड्यात श्वास लागला तेव्हा वाटलं, आता संपलं, आणि बरंच वाटलं.

बोल बोल म्हणून मीच तिच्या मानगुटीवर बसले होते. आता मला वाटत होतं, बस कर, छान आहे म्हण आणि घरी चल. पण ती एकेक सांगत राहिली.

बाईंनी तिचे मोजे उतरवले. पायावर बोट दाबलं, खड्डा पडला तो भरेचना. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग टेबलाशी बसून लिहू लागल्या. मी मान लांब करून विचारलं, "किती दिवसांची सूट? तीन महिने तरी द्या. सारखं गाडीत घालून आणायचं म्हणजे हिचे हाल होतात."

"परत आणावं लागणार नाही," त्या म्हणाल्या. "कायमची लिहिलीय."

"चला, सुटलो एकदाचे!" मी टाळीच वाजवली.

कुणीच हसलं नाही. बाई कागदावर सही करत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. मी ड्रेमाकडे बघितलं. कायमची म्हणजे आता बरं होणं नाही, हे तिला माझ्या आधीच कळलं होतं. तिने पुढे वाकून बाईंच्या हातावर थोपटलं.

"वाईट नका वाटून घेऊ, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला मी आधी सांगायला हवं होतं."