पावणेतीन मिनिटं

टिचकीला हे नाव पडलं ते तिच्या सवयीमुळे. काचेची बाटली हातात आली की ती आधी नखानं एक टिचकी मारायची. आतल्या अळ्या दचकून वळवळायच्या. मग एक थेंब काचेवर घेऊन ती मायक्रोस्कोपखाली मोजायला बसायची. सहा वर्षं हेच काम. शाळा अर्ध्यात सोडलेली, पण मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अळ्या होत्या वासरांच्या फुफ्फुसात वाढणाऱ्या जंताच्या. तशाच पोटात गेल्या तर वासरू खोकून खोकून मरतं. म्हणून आधी त्यांना यंत्रात ठेवून किरणांचा मार द्यायचा. मार असा, की अळी जिवंत राहावी, पण फुफ्फुस गाठेस्तोवर तिचा दम संपावा. तेवढ्यात वासराचं अंग शत्रूचा चेहरा ओळखून ठेवतं. झाली लस. मार जास्त पडला तर बाटलीत नुसती मढी, कमी पडला तर बाटलीत रोगच.

यंत्र तिचा मामा चालवायचा. त्यानंच तिला इथं, लस बनवणाऱ्या या केंद्रात, चिकटवलं होतं.

त्या दुपारी साठ वासरांसाठी साठ बाटल्या निघणार होत्या. गाडी फाटकात उभी. झाकणांवरचे पिवळे स्टिकर लालभडक झालेले, म्हणजे किरण लागले. टिचकीनं पहिल्या बाटलीला टिचकी मारली. अळ्या अशा उधळल्या की तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं सोबतची चिठ्ठी उलटली. वेळ, वीस मिनिटं.

वीस? यंत्रातला किरणांचा गोळा महिन्यागणिक थोडा थोडा खंगतो. म्हणून तेवढाच मार द्यायला वेळ वाढवत न्यावा लागतो. कुठल्या महिन्यात किती, त्याचा तक्ता यंत्राशेजारी भिंतीवर असतो. ती तडक तिथं गेली. मामाला जुना तक्ता काढायचा कंटाळा, दरवर्षी तो नवा त्याच्यावरच डकवायचा. यंदाचा नवा गळून कपाटामागे पडला होता. मामानं महिना बरोबर वाचला होता, वर्ष मागचं. पावणेतीन मिनिटं कमी.

मामाचा चेहरा उतरला. तीन महिन्यांत निवृत्ती आहे, तो पुटपुटला, एवढ्याशा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय.

"वासरांवर कोसळतंय," ती म्हणाली.

केंद्राच्या साहेबांनी सगळं उभ्या उभ्या ऐकलं. बाटल्या परत यंत्रात घालाव्यात तर नवा गोळा बसवायला यंत्र सकाळीच, या बाटल्या बाहेर निघाल्यावर, सील झालं होतं, पुढचे पंधरा दिवस. एवढे दिवस अळ्या टिकत नाहीत. आणि गाडी रिकामी पाठवली तर वर काय तोंड दाखवू, हा साहेबांचा खरा प्रश्न.

"स्टिकर लाल आहे ना?"

"लाल म्हणजे किरण लागले, सर. किती लागले ते त्याला कळत नाही."

शाळेला पाठ दाखवलेल्या पोरीनं मला शिकवू नये, असं ते म्हणाले. बाटल्या सोडायच्या कागदावर तिनं सही केली नाही तर ते स्वतः करतील, आणि उद्यापासून तिनं यायची तसदी घेऊ नये. मामा जमिनीकडे बघत होता. साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

टिचकीची कानशिलं तापली. तिनं ट्रे उचलला. बाटल्या किणकिणल्या. साहेबांना वाटलं, गाडीकडे निघाली. ती वळली कोपऱ्यातल्या वाफेच्या कुकरकडे, जिथं वापरलेली काचभांडी उकळून निर्जंतुक करतात. ट्रे आत, झाकण बंद, मूठ करकचून आवळली, बटण दाबलं.

"उघड ते," साहेब ओरडले.

"आता तो माझ्या बापाचंही ऐकणार नाही. वाफ उतरल्याशिवाय उघडत नाही."

कुकर घुरघुरायला लागला. तिनं अॅप्रन काढला, घडी न घालता टेबलावर टाकला आणि नोंदवहीत ठसठशीत लिहिलं: साठही उकळल्या, मी उकळल्या.

ही आगाऊ पोरगी आणली कुणी, साहेबांनी विचारलं.

मामानं मान वर केली. तिच्या हातातलं पेन घेतलं, तिच्या ओळीखाली लिहिलं: तक्ता मी चुकीचा वाचला. सही केली, तारीख टाकली.

"माझी भाची आहे," तो म्हणाला, आणि भिंतीवरचा जुना तक्ता नखांनी खरवडून काढायला लागला.