आगाऊ आठवी मात्रा

मी एक तबकडी बोलतेय. काळी, गुळगुळीत, दिसायला देखणी. पण आधीच सांगते, मला माझीच किळस येते.

माझ्या पोटात गाजलेल्या, जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉकची गाणी आहेत. मूळ गाणी भलतीच अवखळ. जेवण सुरू करून हात धुवावेत तरी एक संपत नसे. मध्येच कुजबुजायची, मध्येच अंगावर यायची, आणि ताल असा वाकडा की ठेका धरणाऱ्याचा पाय हमखास चुकायचा. माझ्यात त्यांचे शब्द नाहीत, नुसती वाद्यं आहेत. तेही चाललं असतं. वाद्यांनाही बोलता येतं, कुणी बोलू दिलं तर.

माझा जन्म एका तळघरातल्या स्टुडिओत झाला. भिंतींना करडा स्पंज, जमिनीवर वायरींचा गुंता आणि कोपऱ्यात कुणीच न धुतलेले कप. मालक की-बोर्ड वाजवायचे आणि त्यांची मुलगी ड्रम्स. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. ड्रम्सपुढे बसली की मात्र उठवावी लागे.

माझं शेवटचं गाणं सात मात्रांचं. भिंगरीनं त्याची गती मुद्दाम अशी धरली, की तबकडी स्वतःभोवती एकदा फिरेपर्यंत तिचे सात ठोके पुरे व्हावेत.

"एक फेरी, एक आवर्तन," ती म्हणाली. "कुणाला कळणार नाही. मला कळेल."

बाबा हसले. मोठी माणसं ऐकून न घेता हसतात ना, तसे.

ती घरी गेली आणि बाबांचे जुने मित्र आले. ते दातांचे डॉक्टर. त्यांना वेटिंग रूममध्ये लावायला संगीत हवं होतं.

"हे लंगडतंय रे," डॉक्टर म्हणाले. "पेशंट आधीच घाबरलेला असतो. त्याला गाणं ऐकू आलं पाहिजे, पण लक्षात येता कामा नये."

"सरळ करतो की. त्यात काय एवढं."

बाबांनी कॉम्प्युटरवर भिंगरीच्याच हातचा एक ठोका कापला आणि प्रत्येक सातच्या शेपटीला चिकटवला. सातांचे आठ झाले. नाचणारं गाणं कवायत करू लागलं. वर माझ्या वेष्टनावर ड्रम्सपुढे लेकीचं नाव छापलं, ठळक अक्षरांत. याला ते कौतुक म्हणतात.

पहिली प्रत चार लोकांसमोर वाजली तेव्हा भिंगरीचा चेहरा मी खालून पाहिला.

"बाबा, हे मी वाजवलेलं नाही."

"सगळे ठोके तुझेच आहेत. बाहेरचा एक तरी आहे का?"

"मग माझं नाव काढा. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू, हा आठवा माझा आहे?"

"लोक वाहवा करतायत आणि तू नाक मुरडत बस. जरा जुळवून घ्यायला शिक."

मी डॉक्टरांकडे गेले. तिथे औषधी वासात दिवसभर गरगरायचं, आतून यंत्राची घरघर ऐकायची आणि बाहेर जांभया मोजायच्या. एका गृहस्थांनी तर विचारलं, "पंखा आवाज करतोय का हो?" त्यांचा मला राग आला नाही. खरंच तसा आवाज येत होता.

मग एकदा बाबांची दाढ ठणकली. भिंगरी त्यांना घेऊन आली. ते आत गेले आणि ती माझ्याजवळ आली.

"ताई, शेवटचं गाणं लावू?" तिनं काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

"लाव गं बाई. मला तर याच्यानं झोपच येते."

भिंगरीनं कान दिला. आठवा ठोका नेमका कुठे पडतो ते शोधलं. मग पर्समधून घराची किल्ली काढली आणि तिच्या टोकानं माझ्या अंगावर ओरखडा ओढला. दुखलं. सुई पुढे उडाली. तिनं ओठ दाबून पुन्हा ओढला.

या वेळी सातवा ठोका पडला आणि आठव्याच्या तोंडाशी सुई मागच्या रेषेत घसरली. पुन्हा एक. पुन्हा सात. पुन्हा एक. माझी एक फेरी, तिचं एक आवर्तन. आगाऊ आठवा बाहेरच राहिला.

पंख्याची चौकशी करणारे गृहस्थ त्या दिवशीही आले होते. त्यांनी मासिक खाली ठेवलं. "हे काय वाजतंय?"

बाबा बाहेर आले. गाल सुजलेला, तोंडात कापूस, जीभ बधिर. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून हात हलवले, बंद कर, अडकलीय.

"अडकली नाही, बाबा," भिंगरी शांतपणे म्हणाली. "जरा जुळवून घ्या."

बोलता येत नसल्यामुळे त्यांना पहिल्यांदाच ऐकावं लागलं.

डॉक्टरांनी मला बिघडलेली म्हणून देऊन टाकलं. आता मी भिंगरीच्या खोलीत असते. वेष्टनावरचं नाव तिनं स्वतःच खरवडून काढलंय. बाकीचं माझं अंग अजून तसंच आळणी आहे, ते ऐकूच नका. सुई थेट ओरखड्यापाशी ठेवा. आणि कुणी मला दुरुस्त करायला आलं, तर कृपा करून त्याचा हात धरा. मी बिघडले होते ते किल्ली लागण्याच्या कितीतरी आधी.