गुंगीची सुई

वच्छलाबाईला कमरेखालचं काही कळेनासं झालं होतं. डॉक्टर वामनरावांनी मांडीला, पोटरीला चिमट्याने टोचून पाहिलं. म्हातारीच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. पाठीच्या कण्यात दिलेली सुई लागू पडली होती. डॉक्टर हात धुवायला वळले आणि वळता वळताच कौशल्येला म्हणाले, की आता गुंगीची सुई देऊन टाका, अर्धीच मात्रा, आणि मधला पडदा ओढा.

कौशल्येने सुई भरून ठेवलेली होती. म्हातारीचा दंड तिने स्पिरिटने पुसला. सुरकुतलेली, कागदासारखी कातडी. आणि तिथेच तिचा हात थांबला.

सोळा वर्षं ती या धर्मादाय दवाखान्यात नर्स होती. जळगाव जामोदला माहेर, बाविसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, मग इथे आली, मलमपट्टीपासून शिकत शिकत इथवर पोचली. डॉक्टरांनी सांगावं आणि तिने करावं, यात कधी खंड पडला नव्हता. पण गेल्या दिवाळीपासून म्हाताऱ्या माणसाच्या दंडाला सुई लावायची वेळ आली, की तिला साखरखेर्ड्याचे उकंडराव दिसत.

उकंडराव मुतखड्याच्या ऑपरेशनला आले होते. वय पासष्टच्या घरात. पाठीत सुई दिल्यावरही भीतीने ते असे लटलटत होते, की डॉक्टरांना दया आली आणि त्यांनी गुंगीची पुरी मात्रा द्यायला सांगितली. कौशल्येनेच दिली. ऑपरेशन उत्तम झालं. खडा बोराएवढा निघाला. संध्याकाळी उकंडरावांनी डोळे उघडले, पण ते डोळे या दवाखान्यात नव्हतेच. ते तरुणपणी भोगलेल्या संवत छप्पन्नच्या दुष्काळात होते. खाटांची ओळ त्यांना दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांची रांग वाटे. कोणी मोठ्याने बोललं, की मुकादम आला म्हणून ते अंग चोरून घेत. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या डोक्याला गुंगी कधी कधी अशी बाधते, दोन दिवसांत उतरेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौशल्या त्यांची दूध-भाकर घेऊन गेली. उकंडरावांनी तिचं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "झुंबर, जेवली का माय?"

सकाळपासून तिच्या पोटात चहाच्या घोटाशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या हाताने ती चादर नीट करत होती. तोंडातून सहज निघून गेलं, "न्हाई अजून."

एवढंच. उकंडरावांनी ताटलीतली भाकर उचलली आणि उशीखाली सरकवली.

त्या दिवसापासून त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. मी जेवले, पोटभर जेवले, असं तिने नंतर शंभरदा सांगितलं. खोटं बोलून बापाची समजूत घालणाऱ्या पोरीकडे पाहावं, तसे ते तिच्याकडे पाहत आणि भाकर उशीखाली ठेवत. झुंबर कोण, ते त्यांच्या मुलाने सांगितलं. त्याच्या जन्माआधीची बहीण. खडी फोडायच्या कामावर असताना सहाव्या वर्षी उपासाने गेली. त्या दिवसांत बापाला एकदा तिच्या वाटची भाकर खाताना आईने पाहिलं होतं, आणि त्यावर घरात पुन्हा कोणी कधी बोललं नव्हतं.

त्यानंतर अकराव्या दिवशी उकंडराव गेले. कागदावर हृदय थकल्याचं लिहिलं गेलं. डॉक्टरांनी कौशल्येला बोलावून तुमचा काही दोष नाही असं सांगितलं, आणि तिने मान डोलावली. गादी उन्हात टाकायला तिनेच उचलली होती. भाकरीचे तुकडे मुंग्यांनी पोखरले होते. तेव्हापासून कोणीही जेवलीस का असं विचारलं, की कौशल्या तत्काळ हो म्हणे. एकादशीलासुद्धा.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने पडद्याच्या कडेला जाऊन हलक्या आवाजात सांगितलं, की या बाईंना आधी विचारून पाहू का. वामनराव चिडले नाहीत. उकंडराव त्यांच्याही लक्षात होते. त्यांनी आठवण करून दिली, की त्यानंतर एका म्हाताऱ्याचा पाय त्यांनी गुंगी न देता कापला होता. करवतीचा आवाज ऐकून त्याने असे हात झाडले आणि छाती अशी धडधडली, की माणूस टेबलावरच हातचा जायचा राहिला. दोन्हीकडे काटेच होते. शिवाय हिच्या मुलाने, हिंमतरावाने, सकाळपासून दोनदा विनवलं होतं, की आईला झोपेची सुई द्या आणि जाग येईस्तोवर मला तिच्याजवळ बसू द्या. घड्याळाकडे पाहून ते म्हणाले, "विचारा. पण दोन्ही बाजू खऱ्या सांगा."

वच्छलाबाई डोणगावची. पायात काटा मोडल्याचं निमित्त झालं आणि पाऊल काळं पडत पडत पोटरीपर्यंत सडलं; आता पाय कापायचा होता. कौशल्या तिच्या उशाशी स्टुलावर बसली. सुई घेतली तर काही कळणार नाही, पण तुमच्या वयाला डोकं भरकटतं, कधी परत ठिकाणावर येत नाही. नाही घेतली तर दुखणार नाही, पण करवत ऐकू येईल. तिने असं सगळं सांगितलं.

म्हातारी वरच्या कौलांकडे पाहत होती.

"गुंगीत मानूस बोलते का बाई?"

"बोलते. मनातलंबी बोलून जाते."

"हिंमत बाहेर उभा हाय?"

"हाव. दरवाज्यापाशीच हाय."

"मंग नको," वच्छलाबाई म्हणाली. तिने कौशल्येचा हात शोधला. "तू बोल काही तरी. मी नाही बोलत."

डॉक्टरांनी कामाला सुरुवात केली. कौशल्येने डोणगावच्या बाजाराचं विचारलं, यंदाच्या कापसाचं विचारलं. म्हातारी पापणीनेच उत्तर देई. मग करवत लागली. तो आवाज खोलीत मावेना. वच्छलाबाईने दात असे आवळले, की कानशिलावरची शीर टरारून वर आली, आणि कौशल्येजवळचं बोलणं संपलं. आठवेना, सुचेना. म्हातारीची बोटं तिच्या हातात रुतत होती. काही तरी बोलायलाच हवं होतं, आणि आत एकच गोष्ट होती. ती उकंडरावांचं सांगू लागली. खाली वाकून, म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन, न थांबता. मनगट कसं धरलं, काय विचारलं, आपण काय म्हणालो, अकरा दिवस भाकर उशीखाली कशी जात राहिली. हे तिने आजवर सख्ख्या भावाजवळही काढलं नव्हतं.

करवत थांबली तेव्हा तीही थांबली. पलीकडे बादलीत काही तरी जड ठेवल्याचा आवाज झाला.

म्हातारीने डोळे मिटले. मग ओठ हलले.

"अकरा दिवस ठेवली त्यानं भाकर?"

"हाव."

"पोरीसाठी."

"हाव."

"लई वर्षांनी ठेवाले भेटली असन त्याले."

याला क्षमा म्हणावी, की टेबलावरच्या थकल्या म्हातारीचं नुसतं बोलणं, हे कौशल्येला कळलं नाही. तिला हलकं काही वाटलं नाही. घाम पुसून तिने म्हातारीच्या ओठांना ओला बोळा लावला. नाडी संथ होती. डॉक्टर टाके घालत होते आणि वच्छलाबाई डोळे टक्क उघडे ठेवून कौलं पाहत होती, शुद्धीवर, पुरती शुद्धीवर.

दुपार कलताना कौशल्या कापलेला पाय घेऊन मागच्या दाराने बाहेर आली. जुन्या पांढऱ्या धोतरात तो घट्ट गुंडाळला होता. हिंमतराव लिंबाखालून उठून आला. चाळिशीचा, रापलेला गडी, हातात पाय पुरायला आणलेली कुदळ. आई बरी आहे, नाडी चांगली आहे, हे तिने आधी सांगितलं. त्याने हात जोडले. तरी तो जागचा हलेना.

"गुंगीत माय काही बोलली का?"

"सुई देल्लीच नाही, भाऊ. त्यायनीच नको म्हटलं."

त्याने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"मी पोटात होतो तवा बाप गेला," तो म्हणाला. "मेला का कुठी निंघून गेला, कोनी सांगत नाही. मायले इचारलं का ती उठून चालली जाते. मले वाटलं, आज तरी ती त्याचं नाव घेईन."

कौशल्येला आतल्या टेबलावरचे ते आवळलेले दात दिसले. म्हातारीने नाव घेतलं होतं, असं आपणच बनवून सांगावं, हे क्षणभर तिच्या मनात आलं.

"न्हाई," ती म्हणाली. "काही नाही बोलल्या."

हिंमतरावाने कुदळ काखेत मारली आणि दोन्ही हात पुढे केले. तिने गाठोडं त्याच्या हातांवर ठेवलं. दोन पावलं जाऊन तो परत वळला.

"पाऊल कोन्या बाजूले हाय?"

कौशल्येने धोतरावरून हात फिरवला, टाच चाचपली आणि त्याला दाखवली. त्याने गाठोडं फिरवून घेतलं, पावलाखाली आपला तळहात दिला, आणि कपाशीच्या बांधाबांधाने नदीकडे निघाला.