निळ्या फौजेवरचं धुकं

गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून उभी केलेली चौऱ्याण्णव जणांची फौज बघता बघता पांढरी पडली.

आधी तिला वाटलं, उजेडाचा खेळ असेल. पण उजेड तरी कुठला, तीन दिवस आभाळ झाकोळलेलं. मग वाटलं, व्हार्निश ओलं आहे, वाळलं की निवळेल. फवाऱ्याचा डबा हातात धरून ती तशीच उकिडवी बसून राहिली. निवळलं नाही. वाळत गेलं तसं दाटच होत गेलं. निळे अंगरखे दुधात बुडवून काढल्यासारखे झाले, तांबूस घोडे राखेत लोळून आल्यासारखे, आणि बोटाच्या पेराएवढ्या त्या शिपायांच्या तोंडावरचे नाक-डोळे कुणी ओल्या फडक्यानं पुसून न्यावेत तसे गेले.

फौज तिची स्वतःची असती तर एक वेळ चाललं असतं. ही मामाची होती. तीस वर्षांची. आणि उद्या सकाळी दहाला ती त्याच्या टेबलावर हजर हवी होती.

मामा घड्याळजी. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून लोकांची वेळ दुरुस्त करत बसला, आणि घरी आला की तेच भिंग लावून धातूचे शिपाई रंगवायला बसायचा. अंगरख्याची बटणं, लगामाची कडी, बुटाच्या टाचेला लागलेला चिखल. भाचीच्या हातात ब्रश दिला तोही त्यानंच. पुढे ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये लागली, खोट्या दातांना खऱ्या दातांची छटा द्यायला, तीसुद्धा त्याच शिकवणीच्या जोरावर. तेव्हापासून मामानं तिचं नाव ‘दातवाली’ ठेवलं ते ठेवलंच.

तिची फौज करडी, त्याची निळी. दर रविवारी मामीच्या जेवणाच्या टेबलावर दोघांची जुंपायची. थर्माकोलच्या टेकड्या, स्पंजची झाडं. कोण किती पुढे सरकला ते शिंप्याच्या टेपनं मोजायचं, आणि कोण राहिला, कोण पडला ते फासे टाकून ठरवायचं. त्या घरचे नियम दोन. पहिला मामाचा: बिनरंगाचा शिपाई टेबलावर चढायचा नाही. “उघड्या अंगानं कुणी लढाईला जातं का?” दुसरा मामीचा: जमिनीवर पडलेला फासा तिचा. ती तो उचलून बटणांच्या डब्यात टाकायची आणि ज्याचा पडला त्यानं सगळ्यांना चहा करून पाजल्याशिवाय परत द्यायची नाही. हल्ली चहा सारखा मामाच करायचा.

पण व्हार्निश मामानं कधी मारलं नव्हतं. “व्हार्निश मारलं म्हणजे झालं,” तो म्हणायचा, “आणि माझं अजून कुठं झालंय?” खरंच नसायचं. कुणाचा पट्टा राहिलेला, कुणाची मिशी दुसऱ्यांदा काढायची असायची. असा माणूस तीन आठवड्यांपूर्वी फौजेची पेटी तिच्या हातात देऊन म्हणाला, “तूच मार एकदाचं. रंग उडायला लागलाय.”

उडाला होता खरा. नाकाच्या शेंड्यांवर, खांद्यांवर, टोप्यांच्या कडांवर आतला धातू दिसत होता.

“आणि तू?”

“मला कंटाळा आला.”

मामाला आणि कंटाळा! ते वाक्य तिच्या मनाला लागून राहिलं. पेटी उघडावीशी वाटेना. आज करू, उद्या करू म्हणत तीन आठवडे गेले, आणि शेवटच्या दिवशी, दमट हवेत, तिनं फवारा उघडला. दमट हवेत फवारा उघडायचा नाही हे मामानं तिला ती दोन वेण्या घालायची तेव्हापासून बजावलेलं.

तिनं रंगाच्या दुकानदाराला फोन लावला.

“धुकं चढलं म्हणा की,” तो शांतपणे म्हणाला. असली रड त्यानं पुष्कळ ऐकलेली असावी. “सगळ्यांवर?”

“सगळ्यांवर.”

“अरेरे. बरं, रडू नका. एक थेंब तेल, मऊ ब्रश, आणि एकेकाला. घाई केलीत तर रंगही निघून येईल.”

“उतरेल ना पण?”

“बहुतेक उतरतं,” तो म्हणाला. ‘बहुतेक’ हा शब्द फोन ठेवल्यावरही कानात राहिला.

पहिल्यांदा तिनं सामानाचं खेचर घेतलं. बिघडलं तर खेचर बिघडो. तेलाचा ब्रश त्याच्या पाठीवरून फिरला, आणि पहाटे माळावरून जनावर चालत यावं तसं ते पांढऱ्यातून बाहेर आलं. आधी कान, मग मान, मग पाठीवरच्या गोणीवर मामानं काढलेलं ठिगळ. तिचा जीव भांड्यात पडला. मग भालेकरी घेतले, मग तोफेवरचे. संध्याकाळ उतरली तोवर एक्केचाळीस जण मोकळे झाले आणि तिचं मनगट भरून आलं. तिनं ब्रश खाली ठेवला. राहिलेले त्रेपन्न तसेच पेटीत निजले. दारात पाऊल टाकताच सांगून टाकायचं, तिनं ठरवलं.

सकाळी दार मामीनं उघडलं, आणि उघडता उघडता तिचं नेहमीचं सुरू झालं. मामीला रचून गायची खोड होती.

“घरात माझ्या बाई, फौज उतरली भारी,
शंभर शिपाई, पण एक ना पाणी भरी!”

“मामी, ऐक ना, माझ्याकडून एक—”

“आली का दातवाली?” आतून मामाचा आवाज. “आण इकडे माझी माणसं. तीन आठवडे माहेरी ठेवलीस.”

त्यानं पेटी जवळजवळ ओढूनच घेतली. टेबलाशी बसला आणि एकेक शिपाई काढून मांडायला लागला. ती समोर उभी. त्याच्या हाताला पहिलाच लागला तो सेनापती; घोड्यावर बसलेला, आणि पिठाच्या चाळणीखाली उभा राहिला असावा असा पांढराफटक. मामानं त्याला चिमटीत धरला. अंगठा टोपीवरून फिरवला, खांद्यावरून, घोड्याच्या मानेवरून. क्षणभर थांबला.

“छान झालंय,” तो म्हणाला. “रंग कसे जागे झालेत.”

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. सेनापती टेकडीवर गेला. शेजारी तेल लावलेला निळाशार झेंडेकरी, त्याच्या शेजारी पांढरा ढोलवाला, मग निळा, मग परत पांढरा. अर्धी फौज उजेडात, अर्धी धुक्यात, आणि घड्याळाच्या काट्यावरचा केस पाहणारा तिचा मामा ओळ नीट लागली का ते बोटांनी चाचपत होता.

“हं, चल. पहिली चाल तुझी.”

ती खेळायला लागली. वरवर खेळत होती, डोळ्यांनी त्याचे हात बघत होती. फासा टाकला की तो अंगठ्यानं त्याच्यावरचे खळगे कुरवाळायचा, मग आकडा सांगायचा. ही त्याची नवी खोड, फाशाला गोंजारलं की तो ऐकतो असं त्याचं म्हणणं. महिनोन्महिने ती त्यावरून त्याला चिडवत आली होती. लांब गेलेला फासा असला की, “तूच वाच गं, मी रुसलोय त्याच्यावर.” आणि शिपायांची ती झिजलेली नाकं, ते खांदे. बोटांनी ओळखून ओळखून रंग गेला होता.

मामाचे घोडेस्वार तिच्या तोफेवर चालून आले. सहा पडले तर तोफ त्याची, नाहीतर घोडी माघारी. दोन तास सगळं या एका फाशासाठी चाललं होतं. त्यानं फासा टाकला. तो गडगडत टेबलाच्या पार तिच्या कडेला गेला आणि टेकडीच्या पायथ्याशी सपाट बसला. सहा. दोन रांगांत तीन-तीन काळे ठिपके, दाराशी उभ्या मामीलाही दिसावेत असे.

“किती?” मामानं विचारलं.

ती म्हणाली, “एक.”

का म्हणाली ते तिचं तिला कळलं नाही. टेपवरच्या सूतभर फरकासाठी अर्धा अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस. तो उठेल, वाकेल, ‘लबाड कुठली’ म्हणेल, असं तिला हवं होतं. फार हवं होतं.

“एक तर एक,” मामा म्हणाला आणि घोडी मागे घ्यायला लागला. एकेक, चाचपत.

“मामा, राहू दे. सहा आहेत.”

त्याचा हात घोड्यावरच राहिला.

“आणि फौज तशी नाही झालेली. माझ्याकडून धुकं चढलंय. निम्म्याहून जास्त पांढरे पडलेत. सेनापतीसुद्धा.”

“ते माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“हाताला खरखरीत लागला. व्हार्निश नीट बसलं की असं लागत नाही.” त्यानं सेनापती उचलला. “दमट हवेत मारलंस ना, गाढवे?”

“मग छान झालंय का म्हणालास?”

बोलली ती मामी. पदराला हात पुसत ती येऊन टेबलाच्या टोकाला बसली.

“कारण पांढरे पडलेत म्हटलं असतं, तर कुठले कुठले ते दाखवायला लागलं असतं. हो की नाही हो?”

“तू मध्ये पडू नकोस.”

“चार महिने नाही पडले. सुईत दोरा ओवून द्या म्हटलं की यांच्या हातात नेमकं दुसरं काम. वर्तमानपत्र उलटं धरून अर्धा तास वाचलंत परवा. मी म्हटलं, स्वतःहून सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील.”

“उलटं नव्हतं.”

“जाहिरातीतली बाई डोक्यावर उभी होती!”

भाचीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. “मोतीबिंदूच असणार, मामा. अर्ध्या तासाचं काम असतं. आमच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या शिपाईकाकांचं झालं, आता ते लांबून माझ्या डब्यात काय आहे ते सांगतात.”

“मला नको सांगूस.” मामा एकदम तापला. “मी चाळीस वर्षं घड्याळं उघडलीत. आत एक केस गेला तरी चाल बिघडते. श्वास जोरात पडला तरी स्प्रिंग उडते. आणि डोळ्यात कुणाची तरी चिमटी जाऊ द्यायची? मला माहीत आहे उघडताना काय काय होऊ शकतं. ज्याला माहीत नाही त्यानं निजावं त्या टेबलावर.”

म्हणजे हा कंटाळा नव्हता. भीती होती, आणि तीही अडाण्याची नव्हे, कारागिराची. तिनं आवाज खाली आणला.

“किती उघडलीस घड्याळं?”

“मोजली नाहीत. हजारो.”

“बंद किती पाडलीस?”

मामानं मनातल्या मनात मोजलं. प्रामाणिक माणूस. “दोन,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “त्यातलं एक आधीच बंद होतं.”

मामी पदर तोंडाला लावून हसली. भाचीनं पिशवीतून तेलाची बाटली आणि दोन ब्रश काढले, खुर्ची मामाच्या बाजूला ओढली, एक ब्रश त्याच्या हातात दिला आणि एक पांढरा भालेकरी.

“थेंबभर. घाई करायची नाही.”

“तू मला शिकवतेस?”

पण त्यानं घेतला. ब्रशनं तेल लावायचा, मग बोटाच्या टोकानं तपासायचा. खरखर गेली, गुळगुळीत लागलं की शेजारी ठेवायचा. तिला दिसत होतं, त्याला लागत होतं. पांढऱ्याखालचा निळा उजळत गेला, पट्ट्यापुढे पट्टा. एका शिपायाच्या गालावर तिला जुना ओघळ दिसला. मामानं तो लपवायला तिथं जखमेचा व्रण काढला होता. तिनं त्यावरून जपून ब्रश फिरवला. मामी मधूनच उठून चहा करून आली. आज फासा पडला नव्हता तरी.

बावन्न झाले. शेवटी राहिला ढोलवाला. तिनं तो घ्यायला हात पुढे केला तर मामानं तो मुठीत धरला.

“हा राहू दे तसाच.”

“का?”

“मला सगळं असंच दिसतं. हल्ली.” तो मुठीकडे बघत होता, किंवा मुठीच्या दिशेनं. “नंतर मला बघायचंय, नक्की कसं दिसत होतं ते.”

‘नंतर’ हा शब्द त्याच्या तोंडून निसटला की त्यानं मुद्दाम सोडला, कोण जाणे. मामीनं तो पडू दिला नाही.

“उद्या सकाळी दवाखान्यात फोन करते मी,” ती म्हणाली, आणि उठून बटणांचा डबा आणला. मामानं चाचपून ढोलवाल्याला त्यात उभा केला, रंगीबेरंगी बटणांत गुडघ्यापर्यंत रुतलेला, धुक्यासकट.

भाची टेकड्या आवरायला लागली तसा मामा ओरडला, “ए दातवाली! फाशाला हात लावायचा नाही. सहा आहेत ना?”

“सहा आहेत.”

“तुझा काय भरवसा? मघाशी एक म्हणालीस. मी माझा वाचीन. तोवर तोफ माझी की तुझी, काही ठरलेलं नाही.”

“आणि महिनाभर जेवायचं कुठं?” मामीनं विचारलं.

“मांडीवर ताट घेऊन.”

मामीनं कपाटातली पातळ चादर काढली, झटकली, आणि दोन्ही फौजांवर अलगद सोडली. फाशाजवळ आल्यावर तिनं चादरीचं टोक उचलून धरलं, तो हलू नये म्हणून, आणि मग हळूच खाली ठेवलं.