तीन चाकांना ब्रेक

एमिल वोंद्रानं आपला जुना ट्रक जावयाच्या हवाली केला, तेव्हा किल्लीबरोबर एक स्क्रूड्रायव्हरही हातावर ठेवला.

"किल्ली नुसती शोभेची. चालू करायचा तो यानं," म्हातारा म्हणाला.

वेंडेलनं तिथंच हात जोडून मागं फिरायला हवं होतं. पण त्याच्या स्वतःच्या ट्रकचा गिअरबॉक्स बसला होता आणि दक्षिणेकडच्या कुरणातली पवनचक्की बंद पडली होती. तिचा पंप दुरुस्त होऊन येईपर्यंत तिथल्या गायींना रोज टाकीनं पाणी न्यावं लागणार होतं. नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत, ऑगस्टच्या उन्हात, गाय काही उद्यापर्यंत थांबत नाही. तेव्हा मिळाला तो ट्रक गोड मानून त्यानं शेडमध्ये आणला आणि बॉनेट उघडलं.

आणि त्याच्या कपाळाला आठी पडली, ती उतरेचना.

दिवे लावले की हॉर्न वाजायचा. वायरी तपासाव्यात म्हणून वाकून पाहिलं, तर सगळ्याच्या सगळ्या लाल, आणि जागोजागी काळ्या चिकटपट्टीचे गोळे.

एमिल अंगणापलीकडच्या लहान घरात एकटा राहायचा. रोज सकाळी कॉफीचा थर्मास घेऊन तो शेडच्या दारात यायचा आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा.

"सगळ्या वायरी लालच का हो?" वेंडेलनं विचारलं.

"दुकानात लालच होती."

"मग कुठली कशाची, ते कळायचं कसं?"

"मला कळतं की."

"मग सांगा बरं, ही कशाची?"

एमिल उठला, वाकला, बराच वेळ पाहत राहिला. मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, "ती... ती नको काढूस."

रोज नवं काहीतरी निघायचं, आणि तोवर गायींना पाणी एमिलच्या रखडत्या ट्रॅक्टरनं न्यावं लागायचं. पेट्रोलच्या पाइपाला मधेच दूध काढायच्या यंत्राची नळी जोडलेली. इंजिनाच्या एका सांध्यात कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवलेला, त्यावरचा कोंबडा अजून ओळखू येत होता. एक बोल्ट काही केल्या निघेना. शेवटी दिसलं, की तो बोल्ट नव्हताच, वेल्डिंगनं चिकटवलेला खिळा होता. प्रत्येक कामाखाली दुसरं काम, आणि त्याखाली तिसरं. वेंडेलची बोटं सोलून निघाली आणि तोंडात शिव्या तेवढ्या उरल्या.

दरवाजाची काच खाली घसरू नये म्हणून आत एक लाकडाचा तुकडा ठोकलेला होता. तो त्यानं बाहेर काढला, तेव्हा त्याची बायको लॉरेटा जेवायला बोलवायला आली होती. तिनं तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"अगं बाई! हे तर आईचं लाटणं! पप्पा, आईनं हे सगळ्या घरात शोधलं होतं. गोड कोलाच्यांचं पीठ लाटायला बसली की दर वेळी तुम्हाला विचारायची."

एमिल थर्मासचं झाकण लावत बसला. "अर्धंच घेतलं होतं," एवढंच म्हणाला.

लॉरेटा हसली, पण वेंडेलला हसू आलं नाही. त्याच दुपारी तो ट्रकच्या खाली सरपटत गेला आणि मागच्या डाव्या चाकापाशी थबकला. चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप कुणीतरी पकडीनं दुमडून, ठोकून बंद केला होता. त्या चाकाला ब्रेकच नव्हता. आणि पाइपावरचा गंज सांगत होता, की तो आजकालचा नाही.

तो बाहेर आला तो लालबुंद होऊन.

"हा पाइप तुम्ही दुमडलात?"

"गळत होता," एमिल म्हणाला. "भर हिमवादळात, रस्त्यावर. दुमडला, घरी आलो. चाललं."

"आणि मग बदलला का नाही?"

"चालत होतं ना! उरलेल्या तिघांना आहे की ब्रेक."

"लॉरेटा या ट्रकनं गावात जायची! गेल्या हिवाळ्यात तर उताराचा रस्ता बर्फानं..." वेंडेलनं हातातला पाना जमिनीवर आपटला. "तुम्हाला कळतं तरी का एमिल, काय करून ठेवलंय ते? याला दुरुस्ती म्हणत नाहीत! जन्मात एक काम धड केलं असतंत तर आज मी इथं मरत नसतो!"

एमिलनं थर्मास उचलला. "बरं, जावईबापू. तुम्ही करा धड," म्हणाला आणि अंगण ओलांडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी बादली रिकामीच राहिली.

वेंडेलनं गावातून नवा पाइप आणून बसवला. आता ब्रेकमधली हवा काढायची होती, ती राहिली तर ब्रेक लागत नाही, आणि या कामाला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी बसून, नट सैल करून हवा सोडायची.

"पप्पांना बोलव," शाळेत कामाला निघालेली लॉरेटा म्हणाली.

"नको. करतो मी."

"एकट्यानं होतं का ते?"

"होतं म्हणतो ना!"

पेडल एका काठीनं सीटला टेकवून दाबायचं, धावत चाकापाशी जायचं, परत यायचं, असं त्यानं केलं. काठी दोनदा निसटली. शेवटी पेडल चारपाच वेळा दाबलं की घट्ट लागायला लागलं. उशीर झाला होता, गायी तहानलेल्या होत्या. चालेल एवढं, असं स्वतःशीच म्हणून त्यानं टाकी भरली.

मोकळ्या ट्रकला ते चाललंही असतं. पण पाण्यानं भरलेला ट्रक कुरणातल्या टेकडीचा उतार उतरू लागला तसं वेंडेलनं पेडल दाबलं, आणि पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबलं. पुन्हा तळाला. हँडब्रेकचा दांडा ओढला, तर तो उपटून हातातच आला. ट्रकनं कुंपणाची तार तोडली. गायी बाजूला पांगल्या. खाली त्यांचा पाणी प्यायचा पत्र्याचा मोठा हौद होता. ट्रक त्याच्यावर जाऊन आदळला आणि थांबला. हौद चेपून फाटला, वरची टाकी उलटली, आणि सगळं पाणी वाळूत गेलं. वेंडेल कपाळावरचं टेंगूळ चोळत खाली उतरेतो वाळू नुसती ओलसर उरली होती. गायी गोळा होऊन ती चाटू लागल्या.

घरापर्यंत तो उन्हातून चालत आला. सासऱ्याचं दार वाजवताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एमिलनं जाळीच्या दारातून त्याचं कपाळ पाहिलं. "लागलंय का?"

"नाही. हौद फुटला. ट्रक तिथंच आहे."

वेंडेल टोमण्याची वाट पाहत उभा राहिला. एमिलनं टोपी घातली, ट्रॅक्टर काढला, मागच्या गाड्यावर पाण्याची टाकी आणि गोठ्यामागं पडलेले दोन जुने बाथटब चढवले. गायी त्या टबांतून पाणी प्यायल्या. मग साखळीनं टोचन लावून त्यांनी ट्रक परत शेडमध्ये आणला.

"दुमडलेला पाइप आहे का अजून?" शेडमध्ये आल्यावर एमिलनं विचारलं.

"का? परत बसवायचाय?"

"नाही रे. आपलं विचारलं." म्हातारा ट्रकमध्ये चढून बसला. "जा खाली. मी दाबतो."

वेंडेल पाना घेऊन चाकाखाली गेला. "दाबा!"

"दाबलं."

"धरा... सोडू नका... धरा!"

बुडबुडे आले, मग तेल येऊ लागलं. तो नट आवळणार एवढ्यात वर पेडल सुटल्याचा आवाज झाला आणि पाइपात पुन्हा हवा शिरली.

"एमिल! 'धरा' म्हटलं होतं मी!"

"सोडा म्हणालास."

"सोडू नका म्हणालो!"

"मग नीट बोलत जा की! अर्धंच ऐकू येतं मला."

वेंडेलनं डोकं जमिनीवर टेकवलं, डोळे मिटले. नाकात तेलाचा वास भरला होता. पाठीखाली काहीतरी टोचत होतं.

"दाबा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."